एकाच चिखलातले साप

‘साप आपले भक्ष्य न चावता अख्खे गिळतो.’ हे वाक्य आपण शाळेत शिकलो आणि आज वर्गात शिकवतोही. हजारो जातींच्या सापांना ते लागू पडते, त्यामुळे ते शिकवण्यात काही चूक नाही. पण २००२ साली सिंगापूरच्या कांदळवनातील एका लहानशा सापाने या नियमाला अपवाद असल्याचे दाखवून दिले. हा साप खेकड्याचे तुकडे करून खातो. या सापाला शास्त्रीय नाव मिळाले होते १८३७ साली. म्हणजे नाव ठेवल्यापासून तो जेवतो कसा हे नीट कळेपर्यंत १६५ वर्षे गेली.

इतकी वर्षे का लागली? या प्रश्नाचे उत्तर शोधताना परिसरविज्ञानातील एका महत्त्वाच्या कल्पनेचा इतिहास आपल्यापुढे उलगडतो. एकमेकांचे जवळचे नातलग असलेले प्राणी एकाच ठिकाणी कसे राहू शकतात, या प्रश्नाचा हा इतिहास आहे.

कोनाड्याची कल्पना

जुन्या घरांच्या जाड भिंतींत कोनाडे असत. एक दिव्याचा, एक फणी-आरशाचा, एक पोथीचा. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आणि त्या जागेवरून तिचा उपयोगही ठरलेला. परिसरविज्ञानात ‘निश’ हा शब्द वापरतात, त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा असाच आहे. म्हणून या लेखात आपण ‘कोनाडा’ हाच शब्द वापरू.

कॅलिफोर्नियातील प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ साली तेथील एका झुडपी रानातल्या पक्ष्याविषयी निबंध लिहिला. हा पक्षी ठरावीक झुडपांत, ठरावीक हवामानातच का सापडतो याचे वर्णन करताना त्यांनी हा शब्द योजला. त्यांच्या लेखी कोनाडा म्हणजे मुख्यतः राहण्याची जागा व परिस्थिती. पुढे १९२७ साली चार्ल्स एल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या परिसरविज्ञानावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात भर वेगळ्या गोष्टीवर होता. प्राणी कोठे राहतो यापेक्षा तो काय करतो, कोणाला खातो आणि त्याला कोण खाते, यावर त्याचा कोनाडा ठरतो, असे एल्टन यांनी मांडले.

या कल्पनेला प्रयोगाची जोड दिली ती मॉस्कोच्या गेऑर्गी गाउझे या तरुणाने. त्याने पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जाती काचनळ्यांत वाढवल्या. ‘ऑरेलिया’ आणि ‘कॉडॅटम’ या दोन जाती वेगवेगळ्या नळ्यांत उत्तम वाढत. पण त्यांना एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवले की कॉडॅटमची संख्या घटत जाऊन ती संपून जाई. याउलट ‘बर्सारिया’ ही तिसरी जाती नळीच्या तळाशी बसलेले अन्न खात असे, म्हणून ती दुसऱ्या जातीबरोबर टिकून राही. गाउझे यांचे पुस्तक १९३४ साली निघाले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम तेवीस-चोवीस होते. दोन जाती एकाच कोनाड्यात कायमच्या नांदू शकत नाहीत, असा त्यातून निघालेला निष्कर्ष. पुढे, १९६० साली, गॅरेट हार्डिन यांनी त्याला ‘स्पर्धात्मक वगळणुकीचे तत्त्व’ असे नाव रूढ केले.

नळीत जे घडते ते रानात घडते का? रॉबर्ट मॅकआर्थर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या प्रश्नाचे नमुनेदार उत्तर मानला जातो. अमेरिकेच्या ईशान्य भागातील सूचिपर्णी अरण्यात पाच जातींचे छोटे कीटकभक्षी पक्षी एकाच झाडावर दिसतात. पाचही एकाच प्रजातीतले. मॅकआर्थर यांनी झाडाचे काल्पनिक भाग पाडले आणि कोणता पक्षी कोणत्या भागात किती वेळ घालवतो हे सेकंद मोजून लिहून काढले. एक शेंड्याकडे, एक मधल्या फांद्यांत, एक बुंध्याजवळ, अशी विभागणी दिसून आली. झाड एकच, पण कोनाडे पाच.

सापांची अडचण

यानंतर पुढील दोन दशके ठिकठिकाणचे शास्त्रज्ञ आपापल्या प्राण्यांमध्ये अशी विभागणी शोधू लागले. पक्षी, सरडे, उंदीर यांवर ढीगभर निबंध निघाले. साप मात्र मागे राहिले. कारण उघड आहे. पक्षी दिवसाढवळ्या फांदीवर बसतो आणि मिनिटाला एक कीटक टिपतो. साप बिळात असतो, बहुधा रात्री निघतो आणि एकदा जेवला की कित्येक दिवस जेवत नाही. दुर्बीण घेऊन सापाचे जेवण पाहायला बसणाऱ्याला बहुधा डासच चावून घ्यावे लागतील!

तेव्हा सापांच्या अभ्यासकांकडे मार्ग एकच उरला, तो म्हणजे पोट तपासणे. संग्रहालयात मद्यार्कात ठेवलेला किंवा जाळ्यात सापडून मेलेला साप उघडायचा, पोटात काय आहे ते ओळखायचे आणि तक्ता करायचा. मार्ग वाईट नव्हता. साप भक्ष्य अख्खे गिळतो, त्यामुळे पोटात सापडलेला मासा किंवा बेडूक अनेकदा जातीनिशी ओळखता येतो.

या तक्त्यांतून एक लक्षणीय गोष्ट पुढे आली. टॉमस शोनर यांनी १९७४ साली निरनिराळ्या प्राण्यांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. नातलग जातींमधली विभागणी सर्वांत जास्त वेळा जागेची असते, त्याखालोखाल अन्नाची आणि मग वेळेची, असे त्यांना दिसले. पण कॅथरिन टॉफ्ट यांनी १९८५ साली उभयचर व सरीसृप प्राण्यांचा असाच आढावा घेतला, तेव्हा साप या क्रमात बसेनात. सापांमध्ये पहिला क्रमांक अन्नाचा होता.

असे का असावे? सापाला हात नाहीत, पंजे नाहीत, चावून तुकडे करणारे दात नाहीत. त्याचे दात मागे वळलेल्या बारीक आकड्यांसारखे असतात. ते पकडतात, पण कापत नाहीत. म्हणून जे त्याच्या जबड्यात मावेल तेच त्याचे अन्न. भक्ष्याची जाडी, आकार, काटे, कवच या सर्वांचा हिशेब त्याच्या तोंडाशी जुळावा लागतो. तोंडाची ठेवण जरा बदलली की अन्न बदलते आणि अन्न बदलले की कोनाडा बदलतो.

मुआरचे समुद्रसाप

याचे चांगले उदाहरण मलेशियात मिळाले. शिकागोच्या फील्ड म्यूझियममधील हॅरल्ड व्होरिस यांनी १९७० च्या दशकात मुआर नदीच्या मुखाशी समुद्रसापांचा अभ्यास सुरू केला. तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांत मासळीबरोबर अनेक जातींचे समुद्रसाप येत. एकाच पाण्यात, एकाच जाळ्यात आलेल्या या सापांची पोटे मात्र वेगवेगळी कहाणी सांगत होती.

चोचीसारखे तोंड असलेला एक समुद्रसाप प्रामुख्याने शिंगाळ्याच्या कुळातले काटेरी मासे खात होता. त्याला तेव्हा ‘एन्हायड्रिना शिस्टोसा’ म्हणत, आता त्याला ‘हायड्रोफिस’ या प्रजातीत घातले आहे. कोकण किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांत नेहमी येणाऱ्या समुद्रसापांपैकी हा एक. दुसऱ्या काही जातींचे डोके व मान अगदी बारीक आणि शरीराचा मागचा भाग जाड असतो. हे साप वाळू-चिखलातील अरुंद बिळांत डोके घालून वामसारखे लांब मासे पकडतात. व्होरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा अनेक जातींचे तक्ते शेजारी शेजारी मांडले, तेव्हा कित्येक जातींच्या आहारात सरमिसळ फार थोडी होती. गाउझे यांचा नियम समुद्रातही लागू पडतो, असे म्हणायला कोणाचीही जीभ रेटली असती.

शंकेचा काळ

पण याच सुमारास या साऱ्या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जात होता, आणि तो आपण शिक्षकांनी नीट समजून घेण्याजोगा आहे.

समजा, दोन नातलग जाती शेजारी राहतात आणि त्यांचा आहार वेगळा आहे. आपण म्हणतो, ‘पाहा, स्पर्धा टाळण्यासाठी त्यांनी अन्न वाटून घेतले.’ आता समजा आहार सारखाच निघाला, तर आपण म्हणतो, ‘मग जागा वेगळी असेल, किंवा वेळ.’ तीही सारखी निघाली तर म्हणतो, ‘आणखी शोधा, काहीतरी फरक सापडेलच.’ कोणत्याही दोन जातींत शोधला तर काही ना काही फरक सापडणारच! जो नियम कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरू शकत नाही, त्याने आपल्याला काय सांगितले?

डॅनियल सिम्बरलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस असा आग्रह धरला, की जे फरक दिसतात ते निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे आधी गणिताने तपासा. जोसेफ कॉनेल यांनी १९८० साली दुसरा मुद्दा मांडला. आज स्पर्धा दिसत नाही, कारण ती पूर्वी होऊन गेली, असे म्हणणे म्हणजे गतकाळातील स्पर्धेचे भूत उभे करणे होय. भूत दिसत नाही, म्हणूनच ते आहे, असा हा युक्तिवाद. दोन जाती मुळातच वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या अन्नावर घडल्या असतील आणि मागाहून एकत्र आल्या असतील, तर त्यांच्यातील फरकाचा स्पर्धेशी संबंधच नाही.

या वादाने परिसरविज्ञान हादरले, पण त्याचे भलेही झाले. नुसते तक्ते मांडून भागणार नाही, हे कळले. प्राणी प्रत्यक्षात काय करतो ते पाहायला हवे, तो कोणाच्या वंशातून आला हे तपासायला हवे आणि जेथे शेजारी नाही तेथे तो कसा वागतो याच्याशी तुलना करायला हवी.

सिंगापूरचा चिखल

आता आपण पुन्हा त्या खेकडे खाणाऱ्या सापाकडे येऊ. दक्षिण आशियापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या खाड्या, भातखाचरे व दलदलींत सापांचे एक कुळ राहते. त्याचे नाव होमॅलॉप्सिडी. त्यांच्या नाकपुड्या तोंडाच्या वरच्या बाजूला असून पाण्यात बंद करता येतात. विषदंत जबड्याच्या मागच्या भागात असतात. विष सौम्य असल्याने माणसाला त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. कोकणातील खाड्यांत आढळणारा ‘सर्बेरस’ हा साप याच कुळातला. या कुळातील बाकीच्या सापांना सर्वपरिचित मराठी नावे नाहीत, म्हणून त्यांच्या प्रजातींची नावेच वापरू.

सिंगापूरच्या पासिर रिस भागात बागेला लागून कांदळवनाचा एक छोटा तुकडा शिल्लक आहे. त्या बेटावरील बहुतेक कांदळवने भराव व बांधकामांत नाहीशी झाली. या तुकड्यात डॅरिल कार्न्स, व्होरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सापांची पाहणी करून २००२ साली ती प्रसिद्ध केली. एवढ्याशा चिखलात या कुळाच्या चार प्रजातींचे साप एकत्र राहत होते : सर्बेरस, फोर्डोनिया, जेरार्डा आणि कँटोरिया. सर्बेरस सर्वांत जास्त संख्येने होता.

सर्बेरसचा आहार माशांचा. तो ओहोळांत आणि साचलेल्या पाण्यात छोटे मासे धरतो. उरलेले तिघे मात्र कवचधारी प्राणी खातात. सापांमध्ये ही सवय फारच विरळा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनएच्या अभ्यासानेही हे तिघे एकमेकांचे जवळचे नातलग असल्याला दुजोरा दिला. कँटोरिया हा लांब, सडपातळ साप नांगी आपटून टकटक आवाज करणाऱ्या छोट्या कोळंब्यांवर जगतो. राहिले दोन, फोर्डोनिया आणि जेरार्डा. दोघांचेही शास्त्रीय वर्णन १८३७ सालचे. पहिल्याचे लायडनच्या हेर्मान श्लेगेल यांनी केले, दुसऱ्याचे एदू आणि झेर्व्हे या फ्रेंच अभ्यासकांनी. फोर्डोनिया खेकडे खातो हे पूर्वीच माहीत होते. जेरार्डाच्या आहाराविषयी फारशी माहिती नव्हती.

पोटाच्या तक्त्यात या दोघांपुढे एकच शब्द लिहावा लागला असता : खेकडा. दोन सख्खे नातलग, एकच चिखल, तीच रात्रीची वेळ आणि तेच अन्न. म्हणजे गाउझे यांच्या नियमाचा भंगच की!

ब्रूस जेन, व्होरिस आणि सिंगापूरचे खेकडे-तज्ज्ञ पीटर एनजी यांनी या सापांना प्रयोगशाळेत खेकडे देऊन त्यांचे जेवण पाहिले व चित्रित केले. फोर्डोनिया टणक कवचाचा खेकडा धरतो. इतर सापांसारखा तो तोंड उघडून झडप घालत नाही. तो बंद तोंडाने, हनुवटीने खेकड्याला चिखलात दाबून धरतो आणि मग चावतो. कधी खेकड्याचे पाय तोडून टाकतो आणि धड अख्खे गिळतो. त्यामुळे फार मोठा खेकडा त्याला चालत नाही.

जेरार्डा टणक खेकड्याला तोंड लावत नाही. तो नुकतीच कात टाकलेला खेकडा खातो. खेकड्याचे कवच वाढत नाही, म्हणून वाढताना त्याला जुने कवच टाकावे लागते, आणि नवे कवच टणक होईपर्यंतचे काही तास त्याचे अंग मऊ असते. कोकणातील कोणत्याही मच्छीमाराला हे ठाऊक असते. असा मऊ खेकडा जेरार्डा जबड्यात धरतो, स्वतःच्या शरीराचा वळसा त्याच्याभोवती आवळतो आणि त्या वळशातून खेकड्याला ओढतो. ओढताना खेकडा फाटतो. मग साप त्याचे तुकडे एकेक करून गिळतो. अशा रीतीने अख्खा गिळता आला नसता इतका मोठा खेकडा तो खाऊ शकतो. हे निरीक्षण २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

म्हणजे तक्त्यात जो शब्द एक होता, त्याच्या पोटात दोन कोनाडे होते. एकाच जातीचा खेकडा टणक असताना एकाचे अन्न आणि मऊ असताना दुसऱ्याचे. बाटलीतल्या सापाकडे पाहून हे कळणे कठीण होते. जेरार्डाच्या पोटात खेकड्याचे तुकडे सापडले असते, तर ते पचनाने झालेले तुकडे समजून कोणीही पुढे गेले असते. कारण साप भक्ष्य अख्खे गिळतो, हे आपल्याला आधीच ‘माहीत’ होते!

मग नियम सिद्ध झाला का?

येथे घाई करू नये. फोर्डोनिया आणि जेरार्डा यांचे कोनाडे वेगळे आहेत, एवढेच या निरीक्षणाने दाखवले. ते स्पर्धेमुळे वेगळे झाले, हे नव्हे. सिम्बरलॉफ आणि कॉनेल यांचा आक्षेप येथेही उभा राहतो. कवचधारी प्राणी खाण्याची सवय या तिघांना समान पूर्वजाकडून मिळाली असावी. पण टणक आणि मऊ असा फरक एकत्र राहताना पडला की आधीच पडला होता?

हे तपासण्याचा मार्ग मात्र आता दिसतो. फोर्डोनिया उत्तर ऑस्ट्रेलियातही आहे, तेथे जेरार्डा नाही. मऊ खेकड्यांचा वाटेकरी नसताना फोर्डोनिया त्यांच्याकडे वळतो का? जेरार्डा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आढळतो. तेथे त्याच्या शेजारी कोण आहे आणि तो काय खातो? उत्तर ‘हो’ येऊ शकते, तसेच ‘नाही’ही येऊ शकते. ‘नाही’ येण्याची वाट मोकळी असते, तेव्हाच तो प्रश्न विज्ञानाचा होतो.

पुढेही अशा अपवादांची भर पडली. २०२० साली थायलंडमधील काही अभ्यासकांनी एक कुकरी साप भेकाचे पोट फाडून आतील अवयव खातो, असे नोंदवले. ‘अख्खे गिळतो’ हे वाक्य बहुतेक सापांना आजही लागू आहे. पण ते वर्गात सांगताना ‘बहुतेक’ हा शब्द जोडायला आता हरकत नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना सापांच्या मागे पाठवू नये हे सांगायला नको. समुद्रसाप तर अत्यंत विषारी असतात. पण हाच अभ्यास खंड्या पक्ष्यांवर सहज करता येतो. गावच्या तळ्यावर किंवा नदीवर छोटा खंड्या, पांढऱ्या छातीचा खंड्या आणि काळा-पांढरा कवड्या खंड्या, असे दोन-तीन प्रकार बहुधा दिसतात. आधी विद्यार्थ्यांना विचारावे, हे तिघे काय खातात? सर्वजण ‘मासे’ म्हणतील. मग आठवडाभर रोज अर्धा तास निरीक्षण करून तक्ता करायला सांगावा : कोठे बसला, पाण्यापासून किती उंचावर, बसल्या जागेवरून सूर मारला की हवेत तरंगून, चोचीत काय होते. एक जण मासे सोडून शेतातले किडे आणि सरडेही खातो, हे त्यांचे त्यांनाच सापडेल.

तक्ता पूर्ण झाल्यावर दुसरा प्रश्न विचारावा : हे फरक स्पर्धेमुळे पडले, असे म्हणायला आपल्याकडे पुरावा काय? वर्गात थोडा वेळ शांतता पसरेल. ती पसरू द्यावी. जेरार्डाचे नाव असलेली बाटली फडताळात दीडशेहून अधिक वर्षे होती. हा साप जेवतो कसा, हे कोणीतरी जिवंत सापासमोर बसून पाहिले तेव्हाच कळले. आपले विद्यार्थीही तळ्याकाठी तेच करणार आहेत.